पोराला रग्बीतच करिअर करायचंय, काय सांगू?

परळचा_बाबा:
मुलगा बारावीला. तीन वर्षं मैदानात चिखलात लोळतोय, पावसाळ्यात घरी धुण्याचा डोंगर. परवा पहिल्यांदा सिनियर संघातून उतरला आणि 40 गुणांनी मार खाऊन आला. दोन दिवस धड जेवला नाही, तरी म्हणतो इंजिनियरिंग नको. बायको माझ्यावर उखडलीय, कारण नेलं मीच होतं. यात पोट भरतं का हो?

माजी_हुकर:
काका, 40 म्हणजे काहीच नाही! जॉनी विल्किन्सन 1998 मध्ये 19 वर्षांचा असताना इंग्लंडकडून दहा नंबरला, म्हणजे डाव रचणाऱ्याच्या जागी, उतरला, तर ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने 76-0 धुतलं. 2003 च्या वर्ल्ड कप फायनलला जादा वेळेत ड्रॉप गोल (चेंडूला जमिनीवर टप्पा देऊन गोलात मारलेली किक) मारून त्याच ऑस्ट्रेलियाला त्यानेच हरवलं. गडी डावखुरा, किक मारली उजव्या पायाने.
पोटाचं म्हणाल तर 15 जणांच्या रग्बीवर आपल्याकडे चूल पेटत नाही. 2025 ला अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात जणांची. त्यात पळणाराच टिकतो. पोरगा पळतो कसा?

दादरकरीण:
पदवी सोडू देऊ नका. माझ्या भावाचा खांदा 22 व्या वर्षी निखळला, खेळ तिथेच संपला.

परळचा_बाबा:
पळतो बरा, पण भिडायलाच जास्त आवडतं. ताई, कॉलेज सुटणार नाही, ते ठरलं. 76-0 चं सांगितलं तर म्हणाला, ‘माहितीय.’ पण वरणभात मागून घेतला.