ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराकडून लग्नाआधी बाप्तिस्मा मागावा का?

कोयनाकाठ
मुलगी ख्रिस्ती, मुलगा हिंदू किंवा बौद्ध. दोन्ही घरांची हरकत मावळली की मंडळीतून पहिला प्रश्न येतो, "मुलगा बाप्तिस्मा घेणार ना?" माझं मत: ही अट घालूच नये. हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात आणि आदल्या महिन्यात बाप्तिस्मा उरकलाय, तर तो लग्नासाठी घेतलेला असतो. रजिस्टरात नाव चढतं, माणूस मंडळीत येत नाही. त्याच्या आईवडिलांच्या मनात मात्र चर्च म्हणजे मुलगा काढून घेणारी जागा, हे कायमचं बसतं.

कॅथलिक चर्चच्या कायद्यात तर ही अट नाहीच, आणि हे अनेक कॅथलिकांना ठाऊक नसतं. 1983 च्या संहितेतला कॅनन (म्हणजे कलम) 1086 म्हणतो की बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न डिस्पेन्सेशनशिवाय, म्हणजे बिशपांच्या खास सुटीशिवाय, अवैध. ते मिळालं की वैध. कॅनन 1125 प्रमाणे कॅथलिक जोडीदाराने दोन गोष्टी द्यायच्या असतात: आपला विश्वास टिकवण्याची तयारी, आणि मुलांना बाप्तिस्मा व कॅथलिक शिकवण मिळावी म्हणून शक्य ते सगळं करण्याचं प्रामाणिक वचन. दुसऱ्याला या वचनाची कल्पना द्यायची असते आणि विवाहाचा अर्थ दोघांना समजावायचा असतो. दुसऱ्याकडून सही-शपथ मागितलेली नाही. 1917 च्या संहितेत दोघांकडून हमी घ्यायचे. 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते बदललं.

लग्न ठरवताना तीन-चार महिने हाताशी ठेवा. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला (बहुतेक ठिकाणी 6 महिन्यांच्या आतला), दुसऱ्याच्या अविवाहित असण्याचा पुरावा, विवाहपूर्व कोर्स, मग फादरांमार्फत बिशप हाऊसला अर्ज. सगळं अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, कारण लोक हॉल आधी ठरवतात आणि फादरांना नंतर भेटतात.

वचनवाचक
घाईचा बाप्तिस्मा चूक, इथवर सहमत. पण त्यावरून तुम्ही उलटा निष्कर्ष काढता. बाप्तिस्मा मागायचा नसेल तर लग्नही वेदीसमोर लावू नये. बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 7:39) प्रेषित पौल विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक देतो, पण केवळ प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशीच. 2 करिंथ 6:14 मधला, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जुवात जुंपले जाऊ नका, हा इशारा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 22:10 ची आठवण करून देतो: बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नका. आणि 1 करिंथ 7:12-14 (विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका) कृपा करून इथे आणू नका. ते आधीच लग्न झालेल्या, नंतर एकाने विश्वास धरलेल्या जोडप्यांबद्दल आहे.

माझा मुख्य मुद्दा शपथेचा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने वचन देणारा माणूस त्या नावावर विश्वास ठेवत नसेल, तर पाळक त्याला सगळ्यांसमोर खोटं बोलायला लावतो. त्याहून रजिस्ट्रारकडे लग्न करा, मग मंडळीत या. आम्ही दोघांसाठी प्रार्थना करू, जेवणही वाढू.

कोयनाकाठ
शपथेचा मुद्दा खरा आहे, म्हणून तर कॅथलिक विवाहविधीत अशा जोडप्यासाठी वेगळा विधी आहे, मिस्साविना (मिस्सा म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना). त्यात अंगठी देताना ख्रिस्ती नसलेल्याला त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव वगळता येतं. खोटं कोणालाच बोलावं लागत नाही. तुमच्या मंडळीत असा विधी नसेल तर तो लिहा; माणसाला दाराबाहेर का पाठवता?

"आधी रजिस्ट्रार, मग प्रार्थना" हा मार्ग कॅथलिकाला चालतही नाही. अधिकृत फादर आणि दोन साक्षीदारांसमोर संमती दिली नाही, आणि त्यातून बिशपांची सूटही नाही, तर चर्चच्या दृष्टीने लग्न झालेलंच नाही; ती मुलगी कम्युनियनपासून (मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीपासून) दूर राहते. पुढे ते वैध करून घेता येतं (कॅनन 1156 पासून पुढे). पण तेव्हा नवरा पुन्हा फादरांकडे यायला कंटाळलेला असतो.

दस्तऐवज
दोघेही कायद्याची बाजू सोडून बोलताय, आणि बाप्तिस्म्याची अट सगळ्यात महाग पडते ती तिथेच.

मुलगा अनुसूचित जातीचा असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा फक्त हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांना आहे. ख्रिस्ती झाला की दर्जा गेला, आणि त्यावर मिळालेल्या नोकरीचा प्रश्न उभा राहतो. शिवाय हिंदू वारसा कायद्याचं कलम 26 पाहा: धर्मांतरानंतर झालेली मुलं, वारसा उघडतो तेव्हा ती स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांच्या वारशाला अपात्र ठरतात. धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क शाबूत राहतो, मुलांचा जातो. बाप्तिस्मा मागणाऱ्याने हे मुलाला आधी सांगितलंच पाहिजे. न सांगता मागणं हा अन्याय आहे.

आता लग्नाचा कायदा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं (कलम 4). मात्र सहाव्या भागातली सोपी पद्धत दोघेही भारतीय ख्रिस्ती असतील तरच. मिश्र लग्न लावणारा पाळक कलम 5 मध्ये बसतो का, हे आधी पाहा. बिशपांकडून दीक्षित फादर बसतात, स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला सरकारी परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावल्यास कलम 68 खाली 10 वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा रस्ता 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा, नोटिशीनंतर 30 दिवस हरकतींसाठी, नोटिशीपासून 3 महिन्यांत लग्न, 3 साक्षीदार. नोटीस लागली की अनोळखी लोक घरी पोचतात, हा त्रास खरा आहे. हिंदू वा बौद्ध जोडीदार कलम 19 मुळे अविभक्त कुटुंबातून विभक्त धरला जातो आणि दोघांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. इच्छापत्र नसेल तर मुलं असताना विधवेला एक तृतीयांश. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी इथे 1 वर्ष वेगळं राहणं पुरतं. 1869 च्या घटस्फोट कायद्याच्या मजकुरात 2 वर्षं लिहिली आहेत.

आणि एक सापळा: मंदिरात सप्तपदी करून हिंदू विवाह कायद्याखाली नोंद. एक जोडीदार ख्रिस्ती असेल तर ते लग्न शून्य, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटलं आहे.

अंगणवेल
मला मुलांच्या वचनाबद्दल बोलायचंय. सही एकाची म्हणता, पण परिणाम दोघांच्या मुलांवर. सासूने बारसं, मौंज ठरवली की हे वचन सुनेच्या गळ्याशी येतं. बाप्तिस्मा नको म्हणून मोकळेपणा दाखवायचा आणि पुढची पिढी आधीच लिहून घ्यायची, हा समान व्यवहार वाटत नाही.

कोयनाकाठ
वचन "शक्य ते सगळं करीन" असं आहे. नवऱ्याने ठाम नकार दिला तर लग्न मोडत नाही, डिस्पेन्सेशनही मागे जात नाही. म्हणून सही करताना नवरा शेजारी बसलेला हवा, आणि बारसं, मौंज, शाळेच्या दाखल्यावरचा धर्म हे तिथेच बोलून घ्यायला हवं. फादर ही बैठक दहा मिनिटांत संपवतात, तिथे चुकतं. सप्तपदीचंही तेव्हाच सांगावं: संमतीचा दुसरा धार्मिक विधी कॅनन 1127 प्रमाणे चालत नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. हळद, मेंदी, रिसेप्शनला कसलीच आडकाठी नाही.

वचनवाचक
दस्तऐवज यांचा वारसाचा मुद्दा मी मानतो. बाप्तिस्म्याच्या तयारीत तो सांगायलाच हवा, आणि आमच्याकडे तो सांगितला जात नाही. लग्नाबाबत मात्र मी जागेवरच आहे. नवरा रविवारी बायकोबरोबर मंडळीत येऊ लागला, वर्ष-दोन वर्षं ऐकत राहिला आणि मग स्वतःहून मागितलं, तर बाप्तिस्मा द्यावा. तोवर पाळकाने त्याच्या तोंडी विश्वासाचे शब्द घालू नयेत, अंगठी देतानाही नाही.