अनुभव धागा: बालवाडीचा पहिला दिवस

१५ जूनच्या आसपास शाळा उघडतील, विदर्भात थोड्या उशिरा. घरचं मूल यंदा पहिल्यांदाच वर्गात बसणार असेल, त्यांच्यासाठी हा धागा. शिक्षिका, मावशी, पालक, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा. नुसतं 'होईल सगळं नीट' नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

बालवाडीच्या बाई, पुणे

सगळ्यात जास्त बिघडतं ते निरोपाच्या वेळी. मूल खेळण्यात रमलं की आई गुपचूप निघून जाते. मूल वळून बघतं तर आई नाही. दुसऱ्या दिवशी ते फाटकातच अडून बसतं, कारण नजर हटली की आई जाते हे त्याला कळलेलं असतं. म्हणून सांगून जा. दप्तर खुंटीला अडकवा, पापा घ्या, "खाऊ झाला, गाणी झाली की मी दारात असेन" एवढंच म्हणा आणि निघा. "अकराला येते" सांगून उपयोग नाही. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, खाऊ कळतो.

खिडकीतून डोकावू नका. शांत झालेलं मूल आई दिसली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि त्याचं बघून शेजारची चार. सुटायच्या १० मिनिटं आधी हजर राहा. सगळी गेली आणि आपलंच मूल उरलं, तर दुसऱ्या दिवशी "दारात असेन" यावर ते विश्वास ठेवत नाही.

आणि कृपा करून "ऐकलं नाहीस तर बाईंना सांगेन" हे घरी म्हणू नका.

शाळेतल्या मावशी

इलॅस्टिकची चड्डी-पँट घाला. पट्टा, हूक, घट्ट चेन नको. उघडेपर्यंत शू होऊन जाते. घरी कमोडची सवय असलेली मुलं भारतीय संडासात बसायला घाबरतात, तर आधी आठवडाभर उकिडवं बसायचा सराव करून घ्या. तुमच्या घरी शू-शीला जो शब्द असेल तो आम्हाला सांगा. जादा कपड्यांची पिशवी द्या: दोन चड्ड्या, पँट, टी-शर्ट आणि ओलं भरायला एक रिकामी प्लास्टिकची पिशवी. रेनकोट, डबा, बाटली, सगळ्यावर नाव हवं. रेनकोट तर हमखास बदलतात.

एक पालक, नाशिक

डबा विकत घेतल्यावर मुलाच्या हातात द्या आणि बघत बसा. रबराची रिंग असलेली घट्ट झाकणं या वयात उघडत नाहीत, मग डबा तसाच परत येतो आणि 'खात नाही' असा शिक्का बसतो. तूप-गूळ लावलेल्या अर्ध्या पोळीचा रोल, त्याचे चार तुकडे, पुरे. ओळखीचाच पदार्थ द्या, पहिल्या दिवशी नवे प्रयोग नकोत. बाटलीही त्याला स्वतः उघडता येईल अशी, आणि अर्धीच भरलेली.

बालरोगतज्ज्ञ

निघताना पेलाभर दूध पाजू नका. रडताना मूल हवा गिळतं, खोकतं आणि दूध उलटून पडतं. पाऊण तास आधी थोडंसं खायला द्या. डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं कधीच नकोत, श्वासनलिकेत अडकतात. झोपेची वेळ दोन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला वारंवार होणारच. ताप असेल तर मात्र घरीच ठेवा.

जर्मनीतून

इथे बऱ्याच किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, मूल रुळवायला बर्लिन पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर वर्गातच कोपऱ्यात बसतात, मुलाला सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडायचं, फार तर अर्धा तास. तो दिवस सोमवार असेल तर मंगळवारी, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा बिचकतं.

बालवाडीच्या बाई, पुणे

सोमवारचं अगदी बरोबर! पहिल्या दिवशी न रडलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंवा रविवारनंतर रडतं. नवलाई संपून हे रोजचं आहे असं कळतं, त्याचं ते रडणं. शाळेत काहीतरी झालं असेल म्हणून लगेच घरी बसवू नका, खंड पडला की पुन्हा सुरुवात. पण आठवडे उलटूनही दिवसभर रडत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर बाईंशी सविस्तर बोला.

रिक्षाकाकांकडे पहिल्याच दिवशी सोपवू नका. वर्ग ओळखीचा झाला की मगच. न्यायला कोण कोण येणार, त्या सगळ्यांचे फोटो आणि नंबर शाळेत आधीच देऊन ठेवा. ऐन वेळी आलेल्या मामाकडे आम्ही मूल देत नाही.