गच्चीवर अँटेना की डिश? (सोसायटी ग्रुप, वास्को)

सी-२०१ : सर्वांना नमस्कार. सासूबाईंना सकाळच्या बातम्या, डीडी सह्याद्री आणि डीडी गोवा एवढेच पाहायचे असते, आणि तेवढ्यासाठी दरमहा केबलचे पैसे भरणे आता जिवावर येते. ऑनलाइन एक बाहेरचा अँटेना पाहिला. तो मासळीच्या काट्यासारखा दिसतो आणि खोक्यावर ‘रेंज ३०० किलोमीटर’ असे छापले आहे. गच्चीवर तो लावण्यास समितीची हरकत नसावी ना?

बी-३०४ : वहिनी, परवानगीचे सेक्रेटरी सांगतील, पण ऑर्डर दिली असेल तर रद्द करा. तो काटा म्हणजे यागी अँटेना. जमिनीवरच्या टॉवरवरून येणारे प्रक्षेपण पकडण्यासाठी तो असतो, आणि आपल्याकडे पकडण्यासारखे त्यात काही उरलेले नाही. सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळता दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसारभारतीने जाहीर केले होते. २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण असल्याचे जाहीर झाले, त्यांत मुंबई व औरंगाबाद होती, गोव्यातले एकही शहर नव्हते. ३०० किलोमीटरचा आकडा तर निव्वळ छपाईचा आहे. टॉवर १०० मीटर उंच आणि आपला अँटेना १५ मीटरवर धरला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण ५५ ते ६० किलोमीटरनंतर लहर आपल्या डोक्यावरून निघून जाते, आणि मध्ये डोंगर आला तर त्याच्याही आधी अडते.

तुम्हाला हवी आहे ती दूरदर्शनची फ्री डिश. बॉक्स आणि डिश एकदाच घ्यायची, मासिक वर्गणी नाही. मार्च २०१९ मध्ये डीडी गोवाही त्यावर आले. फ्री डिशचे प्रक्षेपण ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे वास्कोहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२७ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर दिसतो. इतक्या उंचीवर असल्यामुळे समोरच्या माडांची फारशी भीती नाही. माड डिशपासून पाच मीटरवर असेल, तर तो डिशच्या पातळीपेक्षा नऊ मीटर वर गेल्याशिवाय आड येत नाही.

ए-१०२ : आमच्याकडे जुनी छोटी डिश आहे, पण पाऊस जोराचा झाला की चित्र चौकटी-चौकटींनी फुटते. फ्री डिशलाही हेच होणार ना?

बी-३०४ : होणार, पण कमी. या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्झच्या असतात आणि मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात. ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची डिश घेतली, तर पृष्ठभाग सव्वादोन पट होतो. त्याने आषाढातल्या एखाद्या सरीत पाच मिनिटे चित्र जायचे ते जाईलच, पण रोजची भुरभुर सहन होते. जुनी डिश वळवूनही चालते, फक्त पुढचा एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरची लहर पकडणारी डबी, ‘युनिव्हर्सल’ प्रकारची आहे ना ते पाहून घ्या.

खरा शत्रू पावसापेक्षा दर्या. माझ्या पहिल्या डिशचे चित्र जुलैत जायला लागले, तेव्हा मी डिश हलवून हलवून दमलो. शेवटी एलएनबीजवळचा कनेक्टर उघडला, तर आतून चमचाभर पाणी निघाले आणि मधल्या तारेचे टोक बोटाने दाबताच तांबडी भुकटी होऊन गळाले. स्वस्त केबलमध्ये पोलादी तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, तो खाऱ्या हवेत टिकत नाही. म्हणून शुद्ध तांब्याच्या तारेची आरजी-६ जातीची केबल घ्या, कनेक्टरवर एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा, आणि केबल एलएनबीपासून लगेच भिंतीत न नेता खाली एक वळसा देऊन न्या, म्हणजे पाणी त्या वळशातून टपकते. स्क्रू स्टेनलेसचे, खांब गॅल्व्हनाइज्ड. यात शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

सेक्रेटरी : समितीची हरकत नाही, पण गच्चीत ड्रिल मारता येणार नाही. मागच्या वर्षी वॉटरप्रूफिंगवर जो खर्च झाला तो सर्वांना आठवत असेलच. शिवाय प्रत्येकाने आपली डिश लावली तर आग्नेयेचा कठडा भांड्यांच्या दुकानासारखा दिसेल.

बी-३०४ : मान्य. काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाबलेला पाया करू, त्याला भोक लागत नाही. चार घरांची तयारी असेल, तर एकच डिश आणि चार आउटपुटचा एलएनबी पुरेल, प्रत्येक घराला त्यातून स्वतंत्र केबल जाईल. साधा स्प्लिटर मात्र लावू नका, कारण उभी लहर घ्यायची की आडवी, हे बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला सांगतो आणि दोन बॉक्स एकाच तारेवर भांडू लागतात. खांबाचे अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्यायला हवे, मे महिन्यातल्या वादळी विजेची मला धास्ती वाटते. ते काम इलेक्ट्रिशियनचेच.

सी-२०१ : आमचे एक घर धरा. ऑर्डर रद्द केली.

ए-१०२ : आमचेही. रविवारी सकाळी दिशा पाहायला मी वर येतो, पण मोबाइलचे होकायंत्र लोखंडी टाकीजवळ चुकते म्हणतात ते खरे का?

बी-३०४ : खरे आहे, टाकीपासून दूर उभे राहून पाहू. नऊ वाजता या, उन्हाआधी काम उरकते.