क्लचची हवा काढूनही पेडल पोकळच, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन दिवस एकाच जागी अडकलोय. गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा आहे. मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) पुशरॉडवरून (त्याला पेडलशी जोडणारी दांडी) ऑइल ओघळून पेडलच्या दांड्यावर यायचं, म्हणून मास्टर बदलला. स्लेव्हचं (त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) रबरी बूट मागे सारून बघितलं तर आतही काळपट ओल, मग तोही नवा घातला. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन बोल्टांवर आहे, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही.

हवा नेहमीसारखीच काढली. स्लेव्हच्या निपलवर (हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मुलगी पेडलवर, मी गाडीखाली. तिने दाबून धरायचं, मी निपल पाव फेरा सैल करून परत आवळायचा, मगच तिने सोडायचं. पेडल आपणहून वर येत नव्हतं, दर वेळी तिला हाताने उचलावं लागलं. सुरुवातीला बुडबुडेच बुडबुडे, दहा-बारा वेळांनंतर एकही नाही. जवळजवळ अर्धा लिटर नवं डॉट ४ ब्रेक ऑइल गेलंय. ऑइलची डबी ब्रेकची आणि क्लचची एकच आहे. क्लचची नळी डबीच्या बरीच वरून निघते, म्हणजे ब्रेकला पुरेसं ऑइल असतानाही क्लच हवा ओढू शकतो. म्हणून डबी एकदाही उतरू दिली नाही.

तरी पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ, पायाला भारच लागत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू केलं की पहिला अडतो आणि रिव्हर्स कर्रकन ओरडतो. भराभर तीन-चारदा पंप केलं की पेडल वर चढतं, रिव्हर्स अलगद पडतो. पाच मिनिटांनी परत तेच.

पेडल दाबून धरलं तर खाली खचत नाही, म्हणजे नवा मास्टर आतून सोडत नसावा. बाहेर कुठे ओल नाही. पुशरॉडला थोडी मोकळीक ठेवली आहे. मग हवा अडकलीय तरी कुठे? खालून सिरिंजने ऑइल वर ढकलायची पद्धत कोणी वापरली आहे का? मास्टर पुन्हा उतरवायचं अगदी जिवावर आलंय.

प्रतिसाद

पंप केल्यावर सुधारतं आणि धरल्यावर खचत नाही, म्हणजे हवाच आहे. मास्टरला हात लावू नका.

आधी एक बघा: स्लेव्हचा निपल वरच्या भोकात आहे की खालच्या? काही स्लेव्हच्या दोन्ही भोकांना एकच आटे असतात, त्यामुळे नळी आणि निपल उलटसुलट बसतात. निपल खाली असेल तर त्यातून स्वच्छ ऑइल येत राहील आणि हवा वरच्या कोपऱ्यात तशीच बसेल. बुडबुडे थांबले म्हणून हवा संपली असं धरू नका.

सिरिंजची पद्धत चांगली आहे. हवेला तसंही वरच जायचं असतं. पेडल पूर्ण वर असू द्या, नाहीतर मास्टरमधलं डबीकडे परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि ऑइल पुढे सरकत नाही. डबीतलं थोडं ऑइल आधी काढून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. बाटलीत जमलेलं ऑइल परत वापरू नका. आणि स्लेव्ह सुटा असताना कोणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल.

धागाकर्ता

निपल खालीच निघाला! नवा स्लेव्ह दोन्ही भोकांना प्लास्टिकची बुचं लावून आला होता आणि मी हाताला सोपं गेलं तसं जोडलं. जुना शेजारी धरल्यावर लक्षात आलं: त्याचा निपल वर, नळी खाली.

अदलाबदल करून सिरिंजने अगदी सावकाश ऑइल चढवलं. मुलगी टॉर्च घेऊन डबीपाशी उभी होती. आधी बारीक फेस आला, मग वाटाण्याएवढे दोन बुडबुडे, नंतर शांत. निपल आवळून पेडल दाबलं तर पहिल्या इंचातच पायाला भार लागला.

गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी पंप न करता रिव्हर्स टाकला, आवाज न करता पडला. मनापासून आभार. आठवडाभर डबीची पातळी आणि स्लेव्हचं बूट रोज बघणार आहे.