सगळे चौकोन ३० टाक्यांचे, तरी एकाचं माप दुसऱ्याला नाही. जोडू कसे?

चौथी_सीट

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचून जाते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

मुलगी जुलैपासून डेहराडूनला शिकायला आहे. दिवाळीला येईल तेव्हा परत जाताना बरोबर द्यायला क्रोशाचं पांघरूण विणतेय. माझं विणकाम म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत. अख्खं पांघरूण मांडीवर घेऊन लेडीज डब्यात बसले तर बायका मलाच त्यात गुंडाळून ठाण्याला उतरवतील. म्हणून चौकोन. एक चौकोन, एक गुंडा, एक सुई, पर्समध्ये मावतं. खिडकी मिळाली तर दोन दिवसांत एक होतो. तिघींच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तर मात्र कोपर हलत नाही, त्या दिवशी नुसते टाके मोजते.

एकच वीण सारखी घालायचा मला कंटाळा येतो. त्यामुळे दर चौकोनाला वेगळी वीण, आणि बहुतेक उठावाच्या. वाफल, बॉबल, पॉपकॉर्न, केबल, शिंपले, टोपलीची वीण, मॉस. लोकर मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक, सुई ४.५ मिमी. ६ गुणिले ९ असे ५४ चौकोन करायचे ठरवले होते, १७ झालेत.

परवा रविवारी सगळे पलंगावर मांडले आणि पोटात गोळा आला. प्रत्येक चौकोन ३० टाक्यांवर सुरू केलाय (नक्षीच्या हिशोबाने एखाददुसरा इकडेतिकडे). उंची रुंदीइतकी झाली की थांबते, म्हणजे आहेत सगळे चौकोनच. पण मॉस ८ इंच, वाफल साडेसात, केबल जेमतेम ७, शिंपल्यांचा साडेआठ! टोपलीचा तर चौकोनही नाही, रुंदी साडेसात आणि उंची १०. तो एका जुन्या इंग्रजी मासिकातून केला होता, त्यात दिलेल्या ओळी मोजून. बाकीचे यूट्यूबवर बघून.

आणखी दोन घोळ. बॉबलचे फुगे पुढे यायचे ते निम्मे मागे गेलेत. आणि वाफलचा एक चौकोन ताणून मोठा करावा म्हणून पालथा घालून इस्त्री फिरवली. मोठा झाला, पण उठाव पार गेला. भिजलेल्या पापडासारखा लोळतोय. त्याला परत जीव येईल का?

उसवायला सांगू नका, एवढीच विनंती.

मुका_टाका

उसवा. 😄

गंमत केली हो. मी एकदा १२ चौकोन तसेच जोडले होते. मधोमध डोंगर आणि कडेला दरी. आता मांजर झोपतं त्यावर, त्याची काही तक्रार नाही.

खांबसाखळी

अगं, काही उसवायचं नाही. पण आधी हे का झालं ते बघ, म्हणजे उरलेले चौकोन तरी सुरुवातीपासून मापात येतील.

३० टाके म्हणजे ३० टाके, हा हिशोब फक्त एका विणीपुरता खरा असतो. मॉसमध्ये मुका खांब (बुटका टाका, नुसता खांब त्याच्या दुप्पट उंच), साखळी, मुका खांब, साखळी असं चालतं, आणि पुढच्या ओळीत सुई साखळीखालच्या जागेत जाते. कापड सैल, सपाट. वाफल आणि केबलमध्ये सुई बऱ्याच वेळा टाक्याच्या डोक्यात न जाता खालच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेला वळसा घालून येते. तिथे दर ओळ खालच्या ओळीला कवटाळून बसते. जाडी वाढते, रुंदी आक्रसते. केबलमध्ये त्यावर आणखी खांब एकमेकांना ओलांडून जातात. वेणी घातली की केस आखूड दिसतात, तसंच ते. शिंपल्यांचं उलट. एका टाक्यात ५ खांब, ते पंख्यासारखे पसरतात आणि शेजाऱ्यांना बाजूला ढकलतात.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर चौकोन त्यावर ठेवून बघ. माझ्याकडे याच मापाच्या मॉसला ३१ ग्रॅम लागली होती आणि वाफलला ४६. लोकर आणायला जाशील तेव्हा हा फरक धर, आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घे. रंग तोच म्हणून दुकानदार शपथ घेतो, घरी आणून उन्हात धरलं की दोन छटा दिसतात.

आता तुझे १७. सगळ्यांना कड घालून ९ इंचांवर आण. तुझ्या लोकरीत आणि सुईत मुक्या खांबांची एक फेरी चारही बाजूंनी पाव-पाव इंच वाढवेल, म्हणजे एकूण अर्धा. खांबांची फेरी त्याच्या दुप्पट, एकूण साधारण १ इंच. मग साडेआठच्या शिंपल्यांना मुक्या खांबांची एक फेरी पुरे. ८ वाल्यांना दोन. साडेसातच्या वाफलला एक फेरी खांबांची आणि वर एक मुक्यांची. ७ च्या केबलला खांबांच्याच दोन. हात घट्ट असेल तर थोडा फरक पडेल, पहिल्या फेरीनंतर टेप लावून बघ.

मेख शेवटच्या फेरीत आहे. आतली वीण कुठलीही असो, शेवटच्या फेरीत दर बाजूला टाके सारखेच हवेत. ३४ धर. कोपऱ्याच्या एका टाक्यात ३ घालायचे, त्यांतला मधला म्हणजे कोपरा. जिथे बाजू ३४ ला पुरत नाही तिथे एखाद्या टाक्यात दोन घाल, जास्त होत असतील तर एखादा गाळ, पण हे सगळं एका ठिकाणी करू नको, बाजूभर पसरव. चौकोन वाटीसारखा उचलला तर टाके कमी पडलेत, झालर झाली तर जास्त. जोडायच्या वेळी टाक्याला टाका लागला की माप आपोआप जमतं, मग आत पाव इंच इकडेतिकडे असलं तरी कळत नाही.

बॉबलचं सोपं आहे. फुगा नेहमी आपल्यापासून लांबच्या बाजूला फुगतो. म्हणून तो उलट्या बाजूच्या ओळीत घालायचा आणि त्याच्या दोन्हीकडे मुके खांब ठेवायचे, ते त्याला बाहेर ढकलतात. तू सुलट आणि उलट दोन्ही ओळींत घातलेत, म्हणून निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मागे गेलेले बोटाने पुढे ढकल, बरेचसे येतात. किंवा जिकडे जास्त फुगे तीच सुलट बाजू म्हण. कोण विचारतंय! पॉपकॉर्नचं वेगळं. त्यात ५ खांब पूर्ण करून सुई काढायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सुटलेला फास ओढून घ्यायचा. सुई पुढून घातलीस की फुगा पुढे, मागून घातलीस की मागे.

इस्त्रीच्या चौकोनाला मात्र जीव येणार नाही. अ‍ॅक्रिलिक हे प्लॅस्टिकचंच भावंड, गरम तवा लागला की धागा कायमचा सैल पडतो. खरी लोकर असती तर पाण्यात टाकून सावरता आली असती.

क्लीव्हलंडकर

खांबसाखळी ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त त्या १० इंची टोपलीपुरतं बोलतो, कारण त्याच खड्ड्यात मी पडलो आहे.

ते जुनं मासिक ब्रिटिश पद्धतीचं असणार. त्यात ‘ट्रेबल’ लिहिलं होतं का? ब्रिटिशांचा ट्रेबल म्हणजे आपला साधा खांब. अमेरिकनांचा ट्रेबल म्हणजे सुईवर दोनदा धागा घेऊन केलेला उंच, दुहेरी खांब. तुम्ही यूट्यूबवर अमेरिकन नावं शिकलात आणि मासिकातला ट्रेबल तसाच उंच घातलात. रुंदी साधारण तेवढीच राहिली आणि दर ओळ उंच झाली. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडात डबल! कुठल्याही नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला की तो अमेरिकन, असं मी धरून चालतो.

मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये शिकलो. बायको म्हणाली, ब्रेड करून झाला, आता दुसरं काहीतरी बघ. पहिली टोपी फुटबॉललाही सैल झाली असती.

चौथी_सीट

क्लीव्हलंडकर, तुम्ही माझ्या घरात डोकावलात की काय! आत्ता मासिक काढून बघितलं, ट्रेबलच आहे. त्यावर कुणीतरी, बहुतेक आईनेच, पेन्सिलीने ‘खांब’ असं लिहूनही ठेवलंय. मी ते वाचलंच नव्हतं.

खांबसाखळी, मग टोपलीचं काय करू? १० चं ९ कसं करायचं? आणि दिवाळीपर्यंत आणखी ३७ चौकोन होतील असं वाटत नाही. नवरात्र तोंडावर आलंय.

खांबसाखळी

टोपली वरून तीन-चार ओळी सोड. याला उसवणं म्हणत नाहीत. उंची रुंदीला येऊन टेकली की थांब आणि साडेसातवाल्यांची कड घाल.

आणि ५४ चा हट्ट सोड. तू ८ इंचांचा हिशोब केला होतास, आता चौकोन ९ चा झाला. ५ गुणिले ७ म्हणजे ३५ चौकोन, ४५ बाय ६३ इंच. बाहेरून चारही बाजूंना २ इंचांची पट्टी घातलीस की ४९ बाय ६७. मुलगी किती उंच आहे? साडेपाच फुटांच्या आत असेल तर पुरलं. तुझे उरले १८, आणि त्यांतले निम्मे मॉसचे कर. डोळ्यांना मध्ये सपाट जागा लागते. सगळीकडेच फुगे आणि वेण्या असल्या की कशाकडेच लक्ष जात नाही, लग्नात सगळ्याच बायका पैठणी नेसून आल्यासारखं होतं.

मांडताना जाड चौकोन एका अंगाला येऊ देऊ नको, पांघरूण रात्रभर त्या बाजूला घसरतं. वाफल मधल्या रांगांत ठेव. त्याच्या खळग्यांत हवा अडकते, ऊब तिथे जास्त. शिंपल्यांना भोकं असतात, ते पायाकडे नको, अंगठा अडकतो. अनुभवाचे बोल. जोडताना फक्त बाहेरचे धागे उचलून सरकत्या टाक्याने जोड, शिवण सपाट बसते. मुक्या खांबाने जोडलंस तर कणा उभा राहतो. काहींना आवडतो, मला झोपताना टोचतो.

केबलचे चौकोन कुठल्या रंगात आहेत?

चौथी_सीट

एक गर्द निळ्यात. एक त्या छटा बदलत जाणाऱ्या लोकरीत, गुलाबी-जांभळी-पोपटी. तीन दिवस खपले त्यावर आणि शेजारच्या बाई म्हणाल्या, छान आहे, साधाच टाका ना?

मुलगी ५ फूट २.

खांबसाखळी

हेच विचारायचं होतं. छटांच्या लोकरीत उठाव दिसत नाही, रंगच बोलतात. तिच्यात मॉस कर. केबल आणि फुगे फिक्या, एकरंगी लोकरीत घालायचे, मोतिया, राखाडी, फिकट पिस्ता, म्हणजे सावली पडते. गर्द निळ्यात आणि काळ्यात ट्यूबलाइटखालीसुद्धा टाका सापडत नाही, लोकलच्या दिव्यात तर विसरच.

सांगलीची_सून

मध्येच बोलते. चौकोन जोडायच्या आधी एका मापात ताणून वाळवले तर काम फार सोपं होतं. माळ्यावर जुन्या मखराचा थर्माकोल असेल तर तो काढा. (महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, नवा आणू नका, जुन्याचं सार्थक करा.) त्यावर पेनाने ९ इंचांचा चौकोन आखायचा, वर जुना पंचा, त्यावर चौकोन, कडेने गंज न धरणाऱ्या टाचण्या. पाण्याचा फवारा मारून पंख्याखाली रात्रभर ठेवायचा. वाफ द्यायची तर गादीवर, इस्त्री इंचभर वर धरून, टेकवायची नाही. थर्माकोलवर वाफ अजिबात नको, मी एक मखर वितळवलं आहे. अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने खऱ्या लोकरीइतकं माप धरत नाही, पण दोन-तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक निघतो.

जाता जाता, चौकोनांनी घाबरलात म्हणून सांगते. २०१६ मध्ये चेन्नईत ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट केलं होतं, गिनीजमध्ये नोंद आहे. तुमचं ४५ बाय ६३ इंच आहे.

मुका_टाका

त्यांच्या मांजरांची सोय झाली.

चौथी_सीट

सगळ्यांना उशिराने उत्तर देतेय, मधे नवरात्र होतं.

टोपलीच्या चार ओळी सोडल्या. आता बरी दिसते. मखराचा थर्माकोल मिळाला, त्याच्या मागे २०१४ चं लाइट बिलही मिळालं. बॉबलचे फुगे कर्जतच्या गाडीत उभ्याने ढकलले, एक सोडून सगळे पुढे आले.

इस्त्रीच्या चौकोनाचा फोटो मुलीला पाठवला. तिचं म्हणणं, तो लावू नकोस, त्याची लॅपटॉपच्या चार्जरला पिशवी कर. केली. मऊ झालाय ना, पटकन दुमडला गेला.

कडेच्या फेऱ्या ९ चौकोनांच्या झाल्या. गर्द निळ्या केबलला सांगितल्याप्रमाणे खांबांच्या दोन घातल्या, ९ ला दोन सूत कमी भरला. माझा हात घट्टच आहे म्हणजे. थर्माकोलवर ओढून टोचून ठेवलाय, सकाळी बघते. छटांच्या लोकरीतला केबल मात्र तसाच ठेवणार आहे, वेण्या दिसोत न दिसोत. तीन दिवस गेलेत त्यात.