मदत हवी आहे: स्काऊट-गाईड पथक पुन्हा भरवायचंय, पण संमतीपत्रावर संस्थेतर्फे सही कुणी करायची? (कोल्हापूर, ऑक्टोबर २०२१)

नमस्कार मंडळी,

माझ्या टेबलावर आत्ता ३८ संमतीपत्रं पडली आहेत. डाव्या बाजूला पालकांच्या सह्या झाल्यात, एका आजोबांनी तर अंगठा उठवून खाली नातवाचं नाव मोडीसारख्या वळणात लिहिलंय. उजव्या बाजूला ‘संस्थेतर्फे’ असं छापलंय आणि ती जागा ३८ कागदांवर कोरी आहे. तिथं सही करायचा अधिकार आज कायद्यानं कुणाला आहे, हे मला कोणी नीट सांगेना. म्हणून हा धागा.

थोडं मागचं सांगते. कोल्हापुरातल्या एका पेठेत आमचं मुक्त पथक आहे. शाळेचं नाही, एका जुन्या सार्वजनिक न्यासाचं. कब आणि बुलबुल (लहान मुलं-मुली), स्काऊट, गाईड, चार-पाच रोव्हर (मोठी मुलं). मी १४ वर्षं गाईड कॅप्टन आहे, एरवी नोकरी बँकेत. दर रविवारी सकाळी साडेसातला पथक भरायचं. २२ मार्च २०२० रविवारच होता, जनता कर्फ्यूचा. त्या दिवशी पथक भरलं नाही आणि मग भरलंच नाही.

मोबाईलवर चालवलं, जमेल तसं. बी.पी.चे, म्हणजे स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे, सहा व्यायाम घरात करता येतात, प्रथमोपचार बोलून शिकवता येतो. गाठींनी मात्र मला रडवलं. रीफ नॉट शिकवायला मी कॅमेऱ्यासमोर दोर धरायची आणि मुलांची गाठ उलटी पडायची, ग्रॅनी नॉट होऊन सुटायची. तीन आठवड्यांनी कळलं, काही फोनवर चित्र आरशासारखं उलटं दिसत होतं, त्यामुळं माझा उजवा हात त्यांना डावा वाटायचा. मग मी दोराचं एक टोक हळदीत बुडवून पिवळं केलं आणि ‘उजवं-डावं’ सोडून ‘पिवळं पांढऱ्यावरून’ असं शिकवायला लागले. एका मुलीकडं दोर नव्हता, तिनं आईच्या परकराची नाडी खिडकीच्या गजाला बांधून क्लोव्ह हिच करून दाखवली. पण ज्या घरात एकच मोबाईल आणि तो वडिलांबरोबर एमआयडीसीत जातो, ती मुलं आमच्यातून निसटली. ५२ पैकी १४ निसटली. त्यांच्यासाठीच मला मैदान हवंय.

आता ४ ऑक्टोबरपासून शाळा उघडल्यात, ७ तारखेला अंबाबाईचं देऊळ उघडलं. मुलं रस्त्यात भेटली की विचारतात, “ओ ताई, पथक कधी भरणार ओ?” गाईडच्या राज्य पुरस्काराची तयारी करणाऱ्या दोघींचं तर वय निघून चाललंय.

आता अडचण. आमच्या न्यासाची सर्वसाधारण सभा १९ जानेवारी २०२० ला झाली आणि नवं विश्वस्त मंडळ निवडलं गेलं. मी सचिव झाले. त्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यायचा होता. कागद जमवेपर्यंत मार्च उजाडला आणि सगळंच बंद झालं. नंतर दोन-तीनदा विषय निघाला, पण कोणी पाठपुरावा केला नाही. मीही केला नाही, ही चूक माझ्याकडं येते. मे २०२१ मध्ये आमचे अध्यक्ष कोरोनानं गेले, त्यांच्या मागोमाग आणखी एक विश्वस्त. एक जण पुण्याला मुलाकडं आहेत. परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, अजून जुनंच मंडळ आहे.

त्यातच जुलैचा पूर. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, आमच्या दालनात कमरेएवढं पाणी दोन दिवस होतं. २०१९ ला कपाट वर उचलून ठेवलं होतं, या वेळी वेळच मिळाला नाही. ठराव वही बाहेर काढली तेव्हा ती पावासारखी फुगली होती. मी आणि दोन रोव्हर मुलांनी पानं सोडवली, दोरीवर कपडे वाळत घालतात तशी एकेक वाळवली. बॉलपेननं लिहिलेलं सगळं राहिलं. १९ जानेवारीच्या ठरावाखाली अध्यक्षांनी शाईच्या पेनानं केलेली सही मात्र पसरून निळा डाग झालाय. त्या डागाकडं बघून मला फार वाईट वाटलं, माणूसही गेला आणि सहीही.

गेल्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. जुन्या मंडळातल्या एका सदस्यांतर्फे आणि दिवंगत विश्वस्तांच्या मुलातर्फे. म्हणणं असं, की नोंदीवर नाव नसताना मी संस्थेच्या नावानं कुठलाही उपक्रम घेऊ नये, दालन आणि मैदान वापरू नये. मैदान गाड्यांच्या पार्किंगला भाड्यानं द्यायचं बोलणं चाललंय असंही कानावर आहे.

माझं विचारणं असं. चेंज रिपोर्ट आता दिला तर चालेल का? तोवर पथक कुणाच्या जबाबदारीवर भरवू? अठराच्या आतल्या कुणालाच अजून लस नाही. उद्या एखाद्या मुलाला संसर्ग झाला किंवा दोरावरून पडून हात मोडला, तर उत्तर कोण देणार? आणि ती भिजलेली वही पुरावा म्हणून धरतील का?

एक गोष्ट मनात घर करून आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकानं १८ फेब्रुवारी २०२० ला दिवाळखोरीचा अर्ज केला, साथ पसरायच्या तोंडावरच. अनेक दशकांत मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे दावे त्यामागं होते, आणि नोव्हेंबर २०२० च्या मुदतीपर्यंत ८२ हजारांहून जास्त जणांनी दावे दाखल केले. आमचं प्रकरण आणि ते एका तागडीत तोलता येणार नाही, ते पोरांच्या आयुष्याचं होतं. पण ते वाचल्यावर मला कळलं की संस्थेची जबाबदारी कुणावर हे धूसर राहिलं, तर झळ शेवटी मुलांनाच लागते. म्हणून सही कुणाची, हा प्रश्न मला नुसता कागदाचा वाटत नाही.

प्रतिसाद (सांगली, वकील)

ताई, धर्मादायची कामं करतो म्हणून लिहितोय. आधी घाबरणं सोडा. वकिलाची नोटीस म्हणजे मनाई हुकूम नव्हे. पण उत्तर मुदतीत आणि लेखी द्या.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली बदलाची माहिती ९० दिवसांत द्यायची असते. तुमची सभा १९ जानेवारीची, म्हणजे मुदत १८ एप्रिल २०२० ला संपली, ऐन लॉकडाऊनमध्ये. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२१ च्या आदेशानं १५ मार्च २०२० ते २ ऑक्टोबर २०२१ हा काळ मुदतीतून वगळलाय, आणि त्या काळात संपलेल्या मुदतींना ३ ऑक्टोबरपासून ९० दिवस दिलेत. माझ्या मते तुम्हाला त्याचा आधार घेता येतो. डिसेंबर संपायची वाट बघू नका, दिवाळीआधी दाखल करा. सोबत विलंब माफीचा अर्जही जोडा, आदेश लागू नाही असा कुणी मुद्दा काढला तरी दार उघडं राहील. दोन्ही मृत्यूंचे दाखले घेऊन तो बदलही नोंदवा. विश्वस्तपद वारसाहक्कानं मुलाकडं जात नाही, न्यासपत्रातच तसं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. न्यासपत्र काढून वाचा.

मैदानाचं: बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. नोटिशीच्या उत्तरात हे लिहाच.

आणि मुख्य प्रश्न. परिशिष्ट १ वर नाव आहे आणि नव्या ठरावातही आहे, असं कुणी हयात आहे का? असेल तर संमतीपत्रावर सही त्यांची घ्या. दोन्ही बाजूंना ते नाव नाकारता येणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, संमतीपत्रानं निष्काळजीपणा माफ होत नाही. पालकानं काहीही लिहून दिलं तरी काळजी घ्यायची जबाबदारी तुमचीच राहते.

प्रतिसाद (शिरोळ, निवृत्त स्काऊट मास्तर)

बाई, आमच्या शाळेचं दप्तर २०१९ ला असंच भिजलं होतं. त्या वहीला इस्त्री लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पानांमध्ये कोरे टीपकागद घाला, वर पाट ठेवा, रोज कागद बदला. सगळ्या पानांचे उजेडात फोटो काढा, डागाच्या पानाचे दोन-तीन कोनांतून. सभेला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. सभेची सूचना कुणाला व्हॉट्सॲपवर गेली असेल तर तीही छापून जोडा, ती तर पाण्यात भिजत नाही.

पथकाची जिल्हा संस्थेकडची वार्षिक नोंदणी चालू आहे ना, तुमचं वॉरंट (गाईड कॅप्टन म्हणून नेमणुकीचं पत्र) आहे ना, ते आधी बघा. जिल्हा संघटकांना लेखी कळवून ठेवा. हाईक आणि शिबिर सध्या नको, त्याला वेगळी परवानगी लागते. एकाच वेळी ३८ पोरं बोलवू नका. स्काऊटिंगमध्ये संघपद्धत कशासाठी आहे? ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात १९०७ मध्ये बी.पीं.नी चार संघच केले होते. सहा-आठ जणांचा संघ, त्यांचं त्यांचं दोर, त्यांची त्यांची पाण्याची बाटली. एक आजारी पडला तर एकच संघ घरी बसेल.

प्रतिसाद (इचलकरंजी, पालक)

तुम्ही अमेरिकेचा विषय काढलात म्हणून स्पष्ट विचारते. मुलांशी मोबाईलवर कोण बोलतं, काय बोलतं, हे आम्हा पालकांना कळतं का तुमच्याकडं? माझी मुलगी दुसऱ्या एका क्लासला होती. तिथले एक सर रात्री साडेदहाला ‘झोपलीस का’ विचारायचे. पुढं काही घडलं नाही, पण मी तिला काढलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी इचलकरंजीच्या ताईंना उत्तर देते, कारण तो प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

आमच्याकडं वर्गात कायम दोन मोठी माणसं असतात, ऑनलाईनलासुद्धा. एकीचं नेट गेलं तर दुसरी एकटी वर्ग चालवत नाही, बंद करते. मुलाला स्वतंत्र मेसेज करायचा नाही, गटावरच लिहायचं आणि गटात पालक असतातच. रोव्हर मुलांनाही हाच नियम. पण हे सगळं तोंडी होतं. तुमचं वाचल्यावर काल रात्री बसून एका पानावर लिहून काढलं, ते संमतीपत्राच्या पाठीमागं छापतेय. त्यात चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक आहे. आणि तक्रार आली तर संस्थेत बसून मिटवायची नाही, पोलिसांकडं जायचं, हेही लिहिलंय. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तसं एक नाव सापडलं. आमच्या पथकाच्या जुन्या गाईड कॅप्टन, वय ७८, दोन्ही यादींत आहेत. मी त्यांना या भांडणात ओढायचं टाळत होते. आज संध्याकाळी गेले. व्हरांड्यातच, मास्क लावून, अंतर ठेवून बसलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एवढे दिवस मला का सांगितलं नाहीस? आण इकडं कागद.” मग चष्मा लावून पहिलं संमतीपत्र आणि मागचं पान पूर्ण वाचलं. ‘पोहता येतं का’ हा रकाना का नाही, असं विचारलं. पुराच्या गावात तो पाहिजेच, उद्या घालते. फॉर्म परत पालकांकडून भरून घ्यावे लागतील, पण त्याशिवाय मी सही करणार नाही म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर आहे.

चार संघ, दोन रविवारी सकाळी साडेसातला, दोन संध्याकाळी पाचला, असं ठरवलंय. मैदानाचा वाद मिटेपर्यंत शेजारच्या शाळेचं पटांगण मागितलंय, मुख्याध्यापक सोमवारी सांगतो म्हणालेत.

आता एकच राहिलं. परिशिष्ट १ चा ताजा उतारा आणि जुन्या चेंज रिपोर्टची नक्कल काढायचीय. इकडं कुणी हल्ली नक्कल काढली असेल, तर अर्जासोबत काय काय जोडलं आणि किती दिवस लागले, तेवढं सांगाल का?