पेंटॅटॉनिकचे पाचही बॉक्स पाठ झाले, तरी सोलो सरावासारखाच का वाटतो?

पाचवा फ्रेट

गेली दोन वर्षे मी केवळ व्हिडिओ पाहून गिटार शिकत आहे. ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचे पाचही बॉक्स, म्हणजे दांडीवरचे बोटांचे आकार, मला कुठूनही सुरू करून वाजवता येतात, मेजर स्केल येतो, आणि डोरियन, मिक्सोलिडियन आदी मोडची (स्केलच्या प्रकारांची) सूत्रेही पाठ आहेत. असे असूनही, ए मधल्या बारा बारच्या (चार-चार मात्रांच्या बारा मापांच्या) ब्लूजचा बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचे ध्वनिमुद्रण, लावून बसलो की दोनेक मिनिटांत माझा सगळा साठा संपतो आणि तेच ते फिरून येऊ लागते. खटकणारा स्वर सहसा लागत नाही, पण मागे कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा संच) बदलली तरी माझ्या वाजवण्याला त्याचा पत्ता नसतो. ध्वनिमुद्रण ऐकले तर कोणी तरी स्केल घोटत बसला आहे असेच वाटते. एका व्हिडिओत सांगतात की प्रत्येक कॉर्डवर वेगळा मोड वाजवा, दुसऱ्यात सांगतात की थिअरी विसरा आणि मनापासून वाजवा. पहिले मला वेगात जमत नाही आणि दुसऱ्याचा अर्थच कळत नाही. माझे नेमके काय राहून गेले आहे?

मधली तार

आपण स्केलचे आकार शिकलात, पण त्या आकारांतला कोणता स्वर मागच्या कॉर्डचा कोण लागतो, हे शिकायचे राहिले आहे. यात आपला दोष थोडा आणि व्हिडिओंचा अधिक आहे, कारण बॉक्सचे चित्र पडद्यावर दाखवणे सोपे असते, स्वराचे नाते दाखवणे तितके सोपे नसते.

आपण घेतलेलेच उदाहरण पाहू. या ब्लूजमध्ये ए सेव्हन, डी सेव्हन आणि ई सेव्हन अशा तीनच कॉर्ड असतात. कॉर्डची ओळख पटवणारे स्वर दोन, तिचा थर्ड (मूळ स्वरापासून तिसरा) आणि तिचा सेव्हन्थ (सातवा). रूट, म्हणजे मूळ स्वर, बहुधा बेस वाजवतच असतो. ए सेव्हनमध्ये हे स्वर सी शार्प आणि जी, डी सेव्हनमध्ये एफ शार्प आणि सी, तर ई सेव्हनमध्ये जी शार्प आणि डी. आता गिटार हातात घ्या. चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (दांडीवरच्या आडव्या पट्टीला) जी आहे आणि तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला सी शार्प: ही झाली ए सेव्हनची जोडी. तोच आकार एक फ्रेट मागे सरकवला की एफ शार्प आणि सी, म्हणजे डी सेव्हन. मूळ जागेपासून एक फ्रेट पुढे नेला की जी शार्प आणि डी, म्हणजे ई सेव्हन. अख्खा ब्लूज त्या तीन जागांत बसतो, आणि त्या आपल्या पहिल्या बॉक्सच्या अगदी पोटात आहेत. (आकार तोच राहतो, कारण या दोन स्वरांत सहा सेमिटोनचे, म्हणजे एकाच तारेवर सहा फ्रेटचे आणि सप्तकाच्या बरोबर निम्मे अंतर असते, जोडी उलटी केली तरी अंतर सहाच भरते. म्हणूनच ए सेव्हनमध्ये खालचा स्वर सेव्हन्थ असतो, तर डी आणि ई सेव्हनमध्ये खालचा स्वर थर्ड होतो.)

आता पेंटॅटॉनिकमधल्या सी कडे पाहा. ए सेव्हनवर तो सी शार्पला घासतो, म्हणून वादक तो किंचित वर ओढतात, आणि त्या ओढीतच ब्लूजचा रंग आहे. पाचव्या बारला डी सेव्हन आली की तोच सी त्या कॉर्डचा सेव्हन्थ होतो, घरचा होतो. बोटाची जागा तीच, पण स्वराचे काम पालटले. आपला सोलो कॉर्डला ओळखत नाही, तो येथे.

आठवडाभर केवळ या जोड्या वाजवा, प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर. कंटाळा येईल. त्यानंतर चौथ्या बारच्या शेवटी सी शार्पवर येऊन पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेला सी वर उतरा. एवढ्या एका सेमिटोनने, मागे ट्रॅक नसला तरी, कॉर्ड बदलल्याचे ऐकणाऱ्याला कळते.

कान आधी

वरील उत्तर बिनचूक आहे, पण मला भीती वाटते की प्रश्नकर्ते आता बॉक्सऐवजी जोड्या घोटत बसतील. बोटे कानाच्या पुढे धावतात, हे मूळ दुखणे त्याने जात नाही. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांना स्वरलेखन वाचता येत नव्हते. आधीच्या पिढीतले गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी त्यांचे सोलो जसेच्या तसे बसवले आणि पुढे स्वतःची वाट काढली. त्या मानाने आपल्याला केवढी सोय आहे! व्हिडिओचा वेग निम्मा करता येतो आणि तरीही स्वर उतरत नाही. दोन बारचा एकच तुकडा घ्यावा, तो आधी गाता येईपर्यंत ऐकावा आणि मगच तारेवर शोधावा. पडद्यावर टॅब (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट दाबायचा ते दाखवणारे लेखन) दिसत असेल तर ती झाकावी. मधेमधे श्वास घ्यायला थांबणाऱ्या गाणाऱ्याप्रमाणे गिटारवादकानेही थांबले पाहिजे. गाऊन मग वाजवले की ही थांबण्याची सवय आपोआप लागते.

मधली तार

गाण्याबद्दल पूर्ण सहमत आहे. मात्र गाऊन सापडलेला स्वर कॉर्डचा थर्ड आहे हे कळले नाही, तर तो तुकडा दुसऱ्या कॉर्डवर किंवा दुसऱ्या पट्टीत कसा नेणार? माँटगोमेरी यांना कागद वाचता येत नव्हता, याचा अर्थ त्यांना कॉर्ड कळत नव्हत्या असा होत नाही.

निम्मा वेग

मोडविषयी थोडेसे. डी डोरियन आणि सी मेजर यांचे सात स्वर एकच आहेत. फरक मागच्या कॉर्डमुळे आणि आपण कुठे विसावतो यामुळे पडतो. डी मायनरची एकच कॉर्ड सलग वाजू द्या, आधी बी फ्लॅट घेऊन पाहा, मग बी. सूत्रापेक्षा हा फरक लवकर लक्षात राहतो. ब्लूजच्या दर कॉर्डला मोड बदलण्याचा खटाटोप सध्या बाजूला ठेवलेला बरा.

पाचवा फ्रेट

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पहिले काही दिवस ट्रॅकच्या पुढे किंवा मागेच राहत होतो, कारण बार मोजण्याची सवयच नव्हती. आता पाचव्या बारचा सी वेळेवर लागतो आणि तो लागला की खरोखरच खोलीत दिवा लागल्यासारखे वाटते. गाणे मात्र अजून दोन बारांपलीकडे जात नाही. एक शंका आहे: हीच जोडी तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर नेली तर आकार बिघडतो. माझे काही चुकत आहे का?

मधली तार

नाही. इतर शेजारच्या तारांत पाच सेमिटोनचे अंतर असते, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चारच. त्यामुळे तेथे वरचा स्वर एक नव्हे, दोन फ्रेट पुढे मिळतो: सी शार्प तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला, जी दुसऱ्या तारेवर आठव्याला. ही झाली ए सेव्हन. उरलेल्या दोन जोड्या पूर्वीसारख्याच एकेक फ्रेट मागे-पुढे सापडतील.